मानशीवरचा माणूस

बांबोळीला, रात्री अडीच वाजता,
त्याचा एक्स-रे पडद्यावर उघडला.
जिथे काळं दिसायला हवं
तिथे खालून वर चढत आलेलं पांढरं,
पाणी शिरलेल्या शेतासारखं.

इनास फुर्तादो. वय त्रेसष्ट. सांत इस्तेव्ह.
व्यवसायाच्या रकान्यात त्याच्या मुलीने लिहिलं होतं: मानस.
मला वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाचं नाव.
मास्कमधून तो म्हणाला,
चार शब्दांना एक श्वास, या हिशेबाने:
खाजनाचं दार, बाय.
भरतीला लागतं. ओहोटीला उघडतं.
पाणीच उघडतं, पाणीच लावतं.
मी नुसता तिथे असतो.

तर इनासबाब,
(हे मी त्याला बोलले नाही, त्या रात्री सतरा खाटा होत्या)
तुमच्या छातीत तीस-चाळीस कोटी वाफे आहेत.
बांध इतका पातळ की वारा आरपार जातो,
आणि पलीकडे लागून रक्ताची खाडी.
वाफ्यांतून जुन्या भक्षक पेशी फिरतात.
धूळ वेचतात, काजूच्या भट्टीची काजळी गिळतात,
कशावर गप्प बसायचं ते त्यांना कळतं.

विषाणू आला कुर्लीसारखा.
बांधाला बोटभर भोक, मग आणखी एक.
हाक द्यायची होती, तेवढ्यात शेजारणींनी दारं लावली असती,
पण त्याने हाकच घशात दाबून धरली, दोन दिवस.
तिसऱ्या दिवशी जी सुटली
ती कुणाला आवरेना.

मग धावून आले ते पांढरे, कोवळे,
आयुष्य जेमतेम एक-दोन दिवसांचं.
त्यांना आत घ्यायला खाडीने आपलेच दगड सैल केले.
काहींनी मरतामरता
स्वतःच्या पोटातला धागा उसवून जाळं फेकलं:
विषाणू अडकला,
वाफाही अडकला.
आणि त्यांच्या पावलांमागून, सैल दगडांतून,
पाणी.

पाणी विषाणूने आणलं नव्हतं.

पहाटे आम्ही चौघींनी त्याला पालथं केलं.
शिरेतून सहा मिलिग्रॅम औषध,
जे विषाणूला काहीच करत नाही,
फक्त गर्दीत शिरून सांगतं, पुरे, घरी चला.
कधी लवकर सांगितलं तर घात,
कधी उशीर झालेला.
त्या वेळी कोणती वेळ होती, मला आजही ठाऊक नाही.

अकराव्या दिवशी त्याला बोलता आलं.
म्हणाला, एका वर्षी बांध फुटला.
इगर्जीची घांट वाजवली, अख्खा वाडा आला,
फावडी, पोती, अंधारात दोनशे पाय.
उजाडेपर्यंत बांध सांधला.
कोरगुट मात्र सगळं चिखलात.
खाऱ्या पाण्याने थोडं खाल्लं, बाय, पायांनी जास्त.
मग?
मग काय. शिव्या कुणाला घालणार, आपलेच ते.
पण घांट वाजवणारा पोर थांबेचना,
मी वर चढून त्याचे हात धरले.

मी इंजेक्शनची सुई काढत होते.
हात तसाच राहिला.

पुढचे आठवडे कुणी पाहत नाही.
जुन्या पेशी परततात,
मेलेल्या मदतगारांना एकेक करून गिळतात,
ओरड न करता.
कुठे कुठे भिंत नव्याने लिंपली जाते,
कुठे नुसता गिलावा, ज्यातून वारा जात नाही.

तीन महिन्यांनी तो तपासणीला आला, इस्त्रीचा सदरा,
एका पिशवीत मानशीवरची झिंगं, बर्फात.
पडद्यावर बऱ्यापैकी काळं.
खाली डावीकडे काही रेघा.
मी शब्द शोधत होते.
त्यानेच बोट ठेवलं.
मीठ, तो म्हणाला. दोन-तीन पाऊस धुतील.
नाही धुतलं तर तेवढा तुकडा सोडायचा.

नळीत फुंकायला सांगितलं. फुंकलं. खोकला.
आकडा लिहून घेईपर्यंत उठलाही,
भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत:
साडेतीनला ओहोटी लागते.